नेपल्समध्ये काका म्हणू नये

लग्न झालं तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि मला एकदम दोन माणसं मिळाली. एक बायको आणि एक सात वर्षांची मुलगी. बायको माझ्याच हॉस्पिटलात, डोळ्यांच्या विभागात डॉक्टर. तिचा पहिला नवरा मुलगी रांगत होती तेव्हाच आजारपणात गेलेला. कॉव्हेंट्रीच्या रजिस्टर ऑफिसात आम्ही सह्या केल्या, बाहेर येऊन ओल्या पायऱ्यांवर फोटो काढले, चायनीज खाल्लं. रात्री मुलीने माझ्या बॅगेकडे बघत विचारलं, "काका, तू आज घरी नाही जाणार?"

"आता हेच माझं घर."

"ओके काका," ती म्हणाली आणि तिने टीव्ही लावला.

मी काका होतो, कारण कॉव्हेंट्रीत जेवढे म्हणून मराठी पुरुष होते तेवढे सगळे काकाच होते. दिवाळीला भाड्याच्या हॉलमध्ये एखाद्या पोराने नुसतं "काका!" म्हटलं की वीसेक टकलं एकदम वळायची. 'बाबा' हा शब्दही घरात होता, पण तो दिवाणखान्यातल्या शेल्फवर, चंदेरी फ्रेममध्ये, हसत उभा होता. रोज शाळेला निघताना ती फोटोला "बाय बाबा" म्हणायची आणि मग मला "बाय काका". मी काही त्या फोटोवर जळत नव्हतो. बरा दिसायचा माणूस. माझ्यापेक्षा केसही पुष्कळ. पण मी पडलो लहान मुलांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या पोरांचे घसे तपासायचे, आणि ती पोरं आपापल्या बापाच्या गळ्यात पडून रडायची. त्यामुळे घरी आल्यावर आपल्यालाही कोणी त्या शब्दाने हाक मारावी असं वाटायला लागलं होतं. हे मी बोललो मात्र कुणापाशीच नाही. अशा गोष्टी बोलल्या की मागितल्यासारख्या वाटतात.

ईस्टरच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ या असं ठरलं. बायको म्हणाली, कॉर्नवॉल. मी म्हणालो, नेपल्स. कारण एवढंच की मी लायब्ररीतून इटालियन शिकायच्या कॅसेटी आणल्या होत्या आणि त्या परत करायच्या आधी वसूल करायच्या होत्या. हिवाळाभर मी कॉव्हेंट्रीच्या रिंगरोडवर गाडी चालवत "माझी सूटकेस निळी आहे", "मिलानची गाडी कोणत्या फलाटावर लागते?" असं मोठमोठ्याने म्हणत असे. त्या नादात हॉस्पिटलचा एक्झिट हटकून चुकायचा आणि मी पुन्हा अख्खी प्रदक्षिणा घालायचो. माझं निम्मं इटालियन त्या प्रदक्षिणांतच झालंय.

हॉटेल मीच फोनवर ठरवलं. कुणाच्या तरी गाइडबुकात सापडलेलं स्वस्तातलं हॉटेल. पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज. त्यांनी विचारलं, "क्वांते कामेरे?" मी मनाशी म्हटलं, चौकस बाई दिसते, कॅमेरे किती आहेत विचारतेय. चोऱ्या होत असतील. म्हणालो, "दुए." एक माझा, एक बायकोचा. बाई म्हणाल्या, "दुए?" मी अभिमानाने सांगितलं, "दुए! जाप्पोनेझी!" म्हणजे दोन्ही जपानी. बाई जरा थांबल्या, मग "बेने, बेने" म्हणाल्या, म्हणजे बरं, बरं. बायको शेजारीच उभी होती. माझ्याकडे तिने जरा आदराने पाहिलं. लग्नानंतरचे पहिले दिवस होते.

इटालियनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली. मी दोन जपानी खोल्या बुक केल्या होत्या.

हॉटेल म्हणजे एका जुन्या, भल्यामोठ्या इमारतीचा तिसरा मजला. खाली चौक, चौकात स्कूटर दुरुस्तीचं दुकान, वर चारी बाजूंनी गॅलऱ्या आणि गॅलऱ्यांतून चादरी. कुणी आजीबाई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, दुकानदार त्यात भाजी टाकायचा, आणि टोपली वर जाईपर्यंत दोघांचं भांडण चालायचं. बाकीच्या मजल्यांवर कुटुंबं राहायची, दारं सताड उघडी. जिन्याच्या मधोमध लोखंडी जाळीची लिफ्ट. आत लाकडी बाक, आरसा, आणि सुरू होताना एक उसासा.

हॉटेलच्या दारात फोनवरच्या त्याच बाई, म्हणजे मालकीणबाई उभ्या होत्या. सगळे त्यांना सिन्योरा म्हणत. आम्हाला बघून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि आमच्या मागे डोकावून पाहिलं. त्या जपान्यांची वाट बघत होत्या.

"एवढं काय चाललंय?" बायको म्हणाली.

"प्रथा असेल," मी म्हणालो, आणि मीही वाकलो.

मग कळलं की आमच्या नावावर दोन खोल्या आहेत. एक मोठी, समुद्राच्या बाजूची, नक्षीच्या पलंगाची. दुसरी कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, लिफ्टला लागून, एका माणसाने कुशीवर झोपावं इतकी रुंद. ईस्टरमुळे हॉटेल भरलेलं. मोठा पलंग दोघांपुरता आणि मुलगी आईला सोडून झोपायची नाही. थोडक्यात, लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत मी लिफ्टशेजारी एकटा.

"कॅमेरे सांभाळ हं," दार लावताना बायको म्हणाली.

सकाळी मुलगी उठली, आणि मी भलत्याच टोकाला असल्यामुळे तिने कॉरिडॉरच्या त्या टोकावरून हाक मारली, "काका! का-का!"

मी चपला शोधतोय तोवर स्वयंपाकघरातून सिन्योरा धावत आल्या. हातातला चमचासुद्धा ठेवला नव्हता. त्यांनी मुलीला काखोटीला मारलं आणि कॉरिडॉरच्या मध्यावरच्या संडासात नेऊन बसवलं. दाराबाहेर उभ्या राहून तिला धीर देऊ लागल्या.

थोड्या वेळाने पोरगी न्याहारीच्या टेबलाशी आली. "काका, ती बाईनी मला टॉयलेटमध्ये नेला. मी म्हटलं, नो थँक यू, तरी नेला."

'काका' ऐकताच सिन्योरांनी कॉफीचं भांडं ठेवलं आणि तिला परत उचललं.

तिसऱ्या वेळी मी मध्ये पडलो. तोवर सिन्योरांनी निदान करून टाकलं होतं. पोरीचं पोट बिघडलंय. कॉफी, जॅम, गोड पाव, सगळं तिच्या पुढून काढून घेतलं आणि तिला पांढराफेक भात आणून दिला. वर थोडं ऑलिव्ह तेल आणि लिंबू. म्हणजे मराठी पोरीला शिक्षा म्हणून भात. ती खूश होऊन खायला लागली. सिन्योरा माझ्याकडे वळल्या. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे हे मीच त्यांना आदल्या संध्याकाळी सांगून बसलो होतो. त्या हात नाचवत जे बोलल्या त्यातलं मला 'दोत्तोरे' आणि 'लाज' एवढं कळलं.

मी ओळखलं, गैरसमज होतोय. पोरगी मला हाक मारतेय हे यांना कुठून कळणार? हे समजावून सांगायला माझं इटालियन पुरेसं होतं. मी उभा राहिलो. दोन जर्मन जोडपी आणि एक पाद्रीबाबा न्याहारी करत होते. छातीवर हात ठेवून मी एकेक शब्द तोडून म्हणालो, "सिन्योरा. काका म्हणजे मी. मी, काका."

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला.

"सी," म्हणजे हो, असं म्हणून मी आणखी खुलासा केला. "कॉव्हेंट्रीत आम्ही पुष्कळ काका आहोत."

सिन्योरांचे यजमान बनियनवर कोपऱ्यात बसून फुटबॉलचं वर्तमानपत्र वाचायचे. त्या मुक्कामात मी त्यांना बोलताना फारसं ऐकलंच नाही. ते उठले, माझ्यासमोर आले, दोन्ही गुडघे वाकवून डायनिंगरूमच्या मधोमध उकिडवे बसले, चेहऱ्यावर जोर आणला, आणि मग खालच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "काक्का."

जर्मन हसू लागले. बायको आधीच टेबलावर डोकं टेकून हसत होती, तिचे खांदे हलत होते. पोरीने चमचा तोंडातून काढला. "मम्मी, काका मीन्स पू?"

"इथे," बायको डोळे पुसत म्हणाली. "फक्त इथे."

सिन्योरांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी माझा गाल थोपटला. पण नियम घालून दिला, हा शब्द खाण्याच्या खोलीत चालणार नाही. बाकीचे पाहुणे जेवत असतात. मग पोरीपुढे वाकून हसत म्हणाल्या, वडिलांना असं म्हणतात का? "पपा" म्हण. म्हण, "पपा."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग भाताचा पुढचा घास घेतला.

इथे माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. माझ्या सगळ्या नामी कल्पनांचं पुढे जे होतं ते हिचंही झालं. मला वाटलं, संधी चालून आलीय. काकाला तर इथे बंदी. मग दुसरं काहीतरी म्हणावंच लागेल. एकदा जिभेला सवय लागली की परतल्यावरही राहील. त्या दुपारी समुद्राकाठच्या कठड्यावर बसून आइस्क्रीम खाताना मी अगदी सहज, व्हेसुव्हियसकडे बघत बोललो, "काय गं, इथे आहोत तोवर मला दुसरं काहीतरी म्हणायचं का?"

"काय म्हणू?"

"तुला हवं ते. म्हणजे... बाबा वगैरे."

'वगैरे' हा शब्द मी त्यात का घातला, देव जाणे. बायकोने आइस्क्रीमवरून माझ्याकडे पाहिलं. पोरीने कोन चाटत विचार केला. रागावली नाही, रडली नाही. एखाद्या दुकानात आपण म्हणतो ना, आहे आमच्याकडे, तशा आवाजात म्हणाली, "पण बाबा आहे ना. घरी."

"हो. आहेच की," मी म्हणालो. माझं आइस्क्रीम कोपरापर्यंत वितळलं होतं.

"तू पण ना," नंतर बायको म्हणाली. तिने पुढे काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसता माझा हात रुमालाने पुसला.

आणि मग पोरीने एक साधा उपाय काढला. तिने मला हाक मारणंच बंद केलं. काका म्हणायचं नाही, दुसरं म्हणायचं नाही, तर काहीच नको. पाणी हवं असलं की बाही ओढायची. काही दाखवायचं असलं की "एक्स्क्यूज मी". कॉरिडॉरच्या टोकावरून "हॅलो!" अशी हाक यायची आणि एखादा जर्मन दार उघडायचा. बढती मागायला गेलो आणि होतं ते पदही गेलं. पॉम्पेईच्या अवशेषांतून हिंडताना मी मुद्दाम दोन पावलं मागे राहायचो, म्हणजे तिला हाक मारावी लागेल. तिने आईला सांगितलं, "मम्मी, त्याला सांग, लवकर ये." त्याला! मी नेपल्सला येऊन 'तो' झालो होतो.

त्यातच एका गल्लीत ती मिठाईच्या दुकानापुढे थबकली. नवीनच वाचायला लागलेली पोरगी, दिसेल ती पाटी वाचायची. "मम्मी! इथे बाबा मिळतो!"

खरंच लिहिलं होतं, बाबा. काचेमागे तांबूस, टोपीवाल्या अळंब्यांसारखे केक रांगेने मांडलेले. नेपल्समध्ये केकला बाबा म्हणतात हे कॅसेटवाल्याने सांगितलं नव्हतं, त्याचा सगळा जीव त्या निळ्या सूटकेसमध्ये. पोरगी काचेला नाक लावून हसत सुटली. "इतके बाबा! मम्मी, लुक, सगळे सेम!" मी आत गेलो आणि तिला एक घेऊन दिला. तिने तो मन लावून खाल्ला, पाक हातावर ओघळला तो चाटला, दुसरा मागितला. दुसराही दिला. हॉटेलकडे परतताना ती वाटेतल्या प्रत्येक मांजराशी गप्पा मारायला लागली आणि एका पायरीवर बसून म्हणाली, आता मी चालणार नाही. बायकोने तिचं तोंड हुंगलं.

"अरे, हा केक रममध्ये बुडवलेला आहे!"

"काय सांगतेस?"

"तू मुलांचा डॉक्टर आहेस की गुत्तेवाला?"

मी पोरीला पाठुंगळी घेतलं. ती माझ्या कानाशी काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं आता म्हणेल, काहीतरी म्हणेल. ती झोपून गेली.

निघायच्या आदल्या सकाळी मी माझ्या चिंचोळ्या खोलीत दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण. बायको त्या टोकाच्या बाथरूममध्ये. इतक्यात लिफ्टने उसासा सोडला, घरघरली, आणि मध्येच गप्प झाली. मग त्या जाळीतून, सगळा जिना दणाणून टाकत आवाज आला, "काका! काका! काका!"

त्या इमारतीत पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. चौथ्यावरचं उघडलं. कुणी ओरडलं, लिफ्टमध्ये पोरगी अडकलीय! कुणी ओरडलं, बिचारीला जोराची लागलीय! "काक्का! ला बाम्बीना! काक्का!" बाम्बीना म्हणजे पोरगी. ही बातमी मजल्यामजल्याने वर गेली आणि चौकात उतरली. स्कूटरवाल्याने इंजिन बंद करून वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई एक इनॅमलचं शीचं भांडं घेऊन पायऱ्या चढायला लागल्या. मी टॉवेल खांद्यावर, साबण गालावर, अनवाणी, तीन-तीन पायऱ्या उतरत होतो.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती. वळणावरच्या पायरीवर बसलं की पोरीचा चेहरा जाळीतून बरोबर समोर येत होता. डोळे पाण्याने भरलेले, पण थेंब पडला नव्हता. तिने जाळीतून बोटं बाहेर काढली, मी ती धरली.

"मी एकटी खाली जाऊन परत येणार होते," ती म्हणाली. "ते थांबला."

"येईल वर. मी इथेच आहे."

वरच्या मजल्यावर सिन्योरा यजमानांना ढकलत गच्चीकडे पिटाळत होत्या. तिथे लिफ्टचं हाताने फिरवायचं चाक होतं म्हणे. आमच्याभोवती बायका जमत होत्या. आजीबाईंनी भांडं जाळीतून आत जातं का ते बघितलं, जात नव्हतं.

"सॉरी," पोरगी हळूच म्हणाली. "मी तो शब्द म्हटला. सगळ्यांनी ऐकलं."

"म्हण की. मला हरकत नाही."

"मग तू दुसरं म्हण का म्हणालास?"

"मला वाटलं, तुला लाज वाटेल."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. सात वर्षांच्या माणसापुढे खोटं टिकत नाही, हे रोज ओपीडीत दिसतं, तरी आपण बोलतो. "नाही," मी म्हणालो. "मला हवं होतं, म्हणून."

"बाबा म्हटलेलं?"

"हो."

तिने विचार केला. वरून चाकाचा करकर आवाज येत होता, पण लिफ्ट हलत नव्हती.

"पण मग काका कोण होणार?"

"काका काय, पुष्कळ आहेत," मी म्हणालो. "आपल्याकडे दिवाळीला बघ, सगळा हॉल काकांनी भरलेला असतो."

"नाऽही!" ती वैतागली. एवढंही कळत नाही का, असा चेहरा. "त्या सगळ्यांना पुढे आडनाव असतं. आडनाव, मग काका. तू नुसता काका. नुसता काका एकच आहे. बाबा पण एकच आहे. तू बाबा झालास तर काकाच नाही उरणार!"

मी रिंगरोडवर इतक्या वेळा गरगरलो, इतका मनातल्या मनात कुढलो, आणि ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. खरंच, बाकी सगळ्यांना ती आडनावानेच हाक मारायची. शेजारच्यांना, आमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून आलेल्यालाही. बिनआडनावाचा मीच. केव्हापासून, तेही मला सांगता येईना.

"बरोबर आहे," मी म्हणालो. तिची बोटं अजून माझ्याच हातात होती.

"मग म्हणू?"

"म्हण."

"जोरात?"

"जोरात."

तिने म्हटलं. जाळीला तोंड लावून, एवढ्या जोरात की चौकातली कबुतरं उडाली. भोवतीच्या बायकांनी हळहळून "ओ मादोन्ना!" केलं आणि आजीबाई पुन्हा भांडं घेऊन पुढे सरसावल्या. तेव्हा जिन्याच्या वरच्या टोकावरून सिन्योरांनी दोन्ही हात उंचावून जाहीर केलं की घाबरू नका, मुलीला काही झालेलं नाही, काक्का हा आहे, हा, साबणवाला, हा इंग्लंडचा दोत्तोरे! सगळा जिना माझ्याकडे बघायला लागला. मी टॉवेल सावरून उभा राहिलो आणि काय करावं ते न सुचल्यामुळे कमरेत वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी लिफ्ट हलली, आणि पोरगी आरशासमोरच्या बाकावर उभी राहून, टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून हात हलवत वर गेली.

मी पायऱ्यांवरून तिच्याबरोबर चढलो. वर बायको ओल्या केसांनी, बाथरोब गुंडाळून उभी. लिफ्टमधून उतरलेल्या मुलीला तिने जवळ ओढलं, भांडं घेतलेल्या आजीबाईंकडे पाहिलं, माझ्या अर्ध्या गालाकडे पाहिलं.

"काय झालं? एवढे लोक कसले?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला पर्मनंट केलं."

"बरं," ती म्हणाली. "मग आधी तोंड धू."